कापलेला आटा आणि लाटलेला आटा

तुमच्या घरात एक डबा असणारच. तेलाचा असेल, डालड्याचा असेल, नाहीतर फुटक्या बुडाची बादली असेल. गोठ्याच्या कोनाड्यात किंवा जिन्याखाली ठेवलेला. त्यात नट, बोल्ट, वायसर, वाकडे खिळे, कधीकाळच्या इंजिनाचा एखादा स्टड आणि कुणालाच न ओळखू येणारे दोन-चार सुटे भाग असतात. तो डबा आज खाली काढा, पोत्यावर ओता आणि शेजारी बसा. आजचा विषय त्या ढिगात आहे.

बोल्टाच्या अंगावर जे वळसे असतात त्यांना आपण आटे म्हणतो. हिंदीतला आटा म्हणजे पीठ, तो हा नव्हे. तरी पुढे कणकेचा विषय निघणार आहे, म्हणून घरातल्या बायकांनीही हा मजकूर टाकून देऊ नये.

आधी माझी चूक सांगतो. चार हंगामांपूर्वी, ऐन पौषात, आमच्या उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या चाकाचे दोन बोल्ट गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची तोड होती. कंपनीचे बोल्ट तालुक्याला नव्हते, दोन दिवसांनी येतील म्हणाले. मी एका लेथवाल्याकडे गेलो आणि एका चाकाचे सहाच्या सहा बोल्ट नवे करून मागितले. तासा-दीड तासात त्याने ते करून दिले. चांदीसारखे चकचकीत. मी विचारले, "मिस्त्री, टिकतील ना?" तो म्हणाला, "अण्णा, तुमची ट्रॉली भंगारात जाईल, हे बोल्ट राहतील." मला ते ऐकून बरे वाटले. पैसेही कंपनीच्या मालापेक्षा कमीच लागले होते.

एकोणिसाव्या दिवशी कालव्याच्या वळणावर ते चाक निघून पुढे पळाले आणि भरली ट्रॉली एका अंगावर बसली. तोडणी टोळीतली एक बाई उसावर बसली होती. ती खाली आली आणि तिचा पाय गुडघ्याखाली मोडला. त्या हंगामात तिला पुन्हा कोयता धरता आला नाही. नवराबायकोची जोडी मोडली की उचल कशी फिटत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. तिची राहिलेली उचल आम्ही भरली. पाय मात्र थोडा आखूडच राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी मी चाकाच्या तबकडीतले सहा तुकडे काढून कंदिलाशी धरले. सगळे एकाच जागी मोडले होते, नट जिथे सुरू होतो तिथल्या पहिल्या आट्याशी. आणि सहाची मोडलेली तोंडे सारखी नव्हती. चार तोंडे बऱ्याच भागात गुळगुळीत, झिजल्यासारखी होती. त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक कमानी होत्या, आणि कडेला थोडासाच भाग खरखरीत, खडीसाखरेसारखा. उरलेली दोन तोंडे मात्र सगळी खरखरीत.

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, नंतर कळला. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर. ती रोज थोडी थोडी आत चालत गेली आणि तिची दोन अंगे एकमेकांवर घासून गुळगुळीत झाली. खरखरीत भाग शेवटच्या झटक्यात तुटला. म्हणजे चार बोल्ट कितीतरी दिवस मोडत होते, आणि मी त्याच चाकावर रोज ऊस ओढत होतो. ते गेले तेव्हा सगळे ओझे उरलेल्या दोघांवर आले, आणि ते एका झटक्यात गेले.

आता तुमच्या घरचा मोडका बोल्ट त्या ढिगात असेल तर त्याचे तोंड पाहा. गुळगुळीत भाग मोठा आणि खरखरीत लहान असेल, तर ओझे फार नव्हते पण चीर फार दिवस चालली होती. सगळेच तोंड खरखरीत आणि मोडलेल्या जागी अंग थोडे बारीक झालेले असेल, तर तो एकाच वेळी जादा ओढ बसून तुटला. मोडका बोल्ट दुकानदाराला नुसता माप म्हणून दाखवून फेकून देऊ नये. तो का मोडला ते त्याच्या तोंडावर लिहिलेले असते.

आता प्रश्न असा, की चीर त्याच जागी का पडली? एक कारण नटाचे आहे. नटात सहा-सात आटे अडकलेले असतात, म्हणून आपल्याला वाटते ओझे सातांत वाटले जाते. तसे होत नाही. पहिला आटाच एकूण ओझ्याचा सुमारे एक-तृतीयांश भाग उचलतो, दुसरा त्याहून कमी, आणि शेवटचे तर जवळजवळ बघेच असतात. म्हणून दुप्पट उंचीचा नट लावला तरी बोल्टाची ताकद दुप्पट होत नाही.

दुसरे कारण आट्याच्या तळाचे. दोन आट्यांमधली जी खाच, तिच्या तळाशी ताण गोळा होतो. शिंपी मांजरपाट फाडताना आधी कात्रीने एक छेद देतो आणि मग दोन्ही हातांनी ओढतो. त्या छेदाशिवाय तेच कापड दोन माणसांना फाटत नाही. बोल्टाला असे छेद मुळातच दिलेले असतात, गोल गोल, वरपासून खालपर्यंत. तेव्हा प्रश्न इतकाच उरतो की तो छेद कसा दिला.

आटे पाडायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिली कापायची. लेथवर कांडी फिरते, टोकदार हत्यार तिच्या अंगातून वळसा घेत जाते आणि लोखंडाचा कीस निघतो. नाहीतर डाय नावाची दातेरी चकती कांडीवर फिरवतात, तीही कापतेच. दुसरी तऱ्हा लाटायची. कारखान्यात तिला रोलिंग म्हणतात, मी लाटणे म्हणतो, कारण ते तसेच आहे.

लग्नाच्या रुखवतात फणोले मांडतात. नव्या, धुतलेल्या फणीवर कणकेची गोळी ठेवून बोटाने दाबत फिरवली की तिच्या अंगावर रेघा उठतात. कणीक कुठेही कापली जात नाही, कमीही होत नाही. जिथे दाब बसला तिथली उठून शेजारी आली, एवढेच. बोल्टाचे आटे लाटताना हेच करतात. दोन अतिकठीण पट्ट्या असतात, त्यांच्या तोंडावर तिरक्या रेघा. एक पट्टी स्थिर, दुसरी तिच्यासमोरून सरकते, आणि मध्ये लोखंडाची थंड कांडी गरगर फिरत पुढे जाते. बाहेर पडते तेव्हा तिच्यावर आटे उठलेले असतात. कीस नाही, चुरा नाही. लहान बोल्ट असे मिनिटाला शंभरावर निघतात.

यातली एक गंमत पुष्कळ फिटरांनाही ठाऊक नसते. १२ मिलिमीटरचा बोल्ट लाटायला १२ मिलिमीटरची कांडी लागत नाही, ११ मिलिमीटरपेक्षाही थोडी बारीकच लागते. खाचेतले लोखंड वर चढून आट्याचे शेंडे तयार करते. लेथवर मात्र १२ मिलिमीटरचीच कांडी घ्यावी लागते आणि खाचेतले लोखंड फेकून द्यावे लागते.

तुम्ही म्हणाल, आकार तर दोन्हींचा सारखाच झाला, मग फरक कसला? कुऱ्हाडीचा दांडा आठवा. बाभळीचे लाकूड उभे फोडून, रेषेरेषेने तासलेला दांडा वर्षानुवर्षे टिकतो. तोच दांडा वखारीतून करवतीने कापून आणला आणि रेषा तिरकी जाऊन बाहेर निघाली असली, की चार घावांत तो त्या रेषेवरच फुटतो. दोघांची जाडी सारखीच असते. पोलादाच्या कांडीलाही अशा रेषा असतात. कारखान्यात लाल कांब लांबीला ओढत-दाबत आणतात तेव्हा त्याचे कण लांबीच्या दिशेने मांडले जातात. लेथचे हत्यार त्या रेषा प्रत्येक खाचेत तोडत जाते. लाटताना त्या तुटत नाहीत, आट्याच्या चढउताराबरोबर वाकून जातात.

दुसरा फरक तळाच्या पोताचा. हत्याराने कापलेल्या खाचेत, मिस्त्री कितीही हुशार असो, बारीक ओरखडे राहतात. हत्याराचे टोक बोथटले असले तर लोखंड कापले न जाता फाटते आणि खाचेत कुसळे उभी राहतात. त्यातले एखादे कुसळ चिरेला सुरुवात करून द्यायला पुरते. लाटलेल्या खाचेचा तळ घोटलेला असतो, आणि जरा गोलसर.

गोलाईवरून आठवले. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली पहिल्यांदा सगळ्यांनी एकाच मापाचे आटे करावेत असे मांडले. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे, एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. व्हिटवर्थने कोन ५५ अंशांचा धरला आणि शेंडा व तळ दोन्ही गोल ठेवले. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा, सपाट शेंड्याचा आणि सपाट तळाचा आटा सुचवला, कारण तो करायला सोपा होता. आजच्या मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचाच आहे, पण तळाला गोलाई द्यायचे पुन्हा सगळ्यांनी मान्य केले आहे. भर ताणाच्या बोल्टाला तर ती लागतेच. टोकदार तळाने किती बोल्ट खाल्ले असतील कोण जाणे.

तिसरा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि तोच सगळ्यांत मोठा आहे. त्यासाठी बैलगाडीच्या चाकाकडे या. लोखंडी धाव लाल तापवून लाकडी चाकावर चढवतात आणि वर पाणी ओततात. धाव निवते, आकसते आणि सगळ्या पाट्यांना आणि आऱ्यांना चहूबाजूंनी आवळून धरते. मग खडकाळ वाटेने गाडी कितीही आदळली तरी सांधे उघडत नाहीत, कारण उघडायच्या आधी त्या आवळणीवर मात करावी लागते. आटा लाटताना खाचेच्या तळाचे लोखंड असेच दाबले जाते आणि दाबलेलेच राहते. बोल्टावर ओढ आली की तिला आधी हा दाब संपवावा लागतो, त्यानंतर चीर उघडायची गोष्ट. कापलेल्या आट्याला ही आवळणी मिळत नाही. शिवाय थंड लोखंड दाबले की ते जरा कठीणही होते. विळ्याची धार लोहार थंडपणी हातोडीने ठोकून काढतो तेव्हा हेच होते.

इथे एक मेख आहे. बाजारातले बहुतेक चांगले बोल्ट आधी लाटतात आणि मग भट्टीत घालून कठीण करतात. भट्टीत ती आवळणी बरीचशी निघून जाते, राहतो तो घोटलेला तळ आणि न तुटलेल्या रेषा. विमानांच्या आणि जादा ताणाच्या इंजिनांच्या बोल्टांना उलटे करतात. आधी कठीण करतात, मग लाटतात. कठीण कांडी लाटायला पट्ट्या लवकर झिजतात, म्हणून ते महाग पडते. पण आवळणी शाबूत राहते आणि असे बोल्ट हेलकाव्यांना बरेच जास्त दिवस पुरतात.

हेलकावे हा शब्द लक्षात ठेवा. १२ मिलिमीटरचा ८.८ दर्जाचा बोल्ट सरळ ओढून तोडायचा म्हटले तर पावणेसात टनांच्या वर ओढ लागते. एवढ्या ओढीत भरलेली बैलगाडी बैलांसकट टांगता येईल. पण तोच बोल्ट, आधी लाटून मग भट्टीतून काढलेला, चारशे-सव्वाचारशे किलोंनी वर आणि तितक्याच किलोंनी खाली असा सतत हलवत राहिले, तर त्याची सहनशक्ती तिथेच संपते. त्याहून मोठा हेलकावा असला की लाखांच्या हिशेबात फेऱ्या झाल्यावर तो मोडणारच. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक हेलकावा धरा, आणि मळणीयंत्राच्या ड्रमचे फेरे तर मिनिटाला कितीतरी शेकडे. लाख व्हायला वेळ लागत नाही. बोल्ट मोडतात ते बहुधा जोराने मोडत नाहीत, या मोजणीने मोडतात. आणि आटा कापलेला की लाटलेला, याचा फरक सरळ ओढीत थोडाच दिसतो. मोजणीत तो ठळक दिसतो.

मग या हेलकाव्यातून बोल्टाला वाचवायचे कसे? घट्ट आवळून. हे उलटे वाटते. वाटते की घट्ट बोल्टावर आधीच ताण, त्यात ओझ्याचा ताण, म्हणजे तो लवकर मोडेल. पण घट्ट आवळलेले दोन भाग एकमेकांना इतके दाबून असतात की बाहेरचा हेलकावा बहुतेक त्या दाबातच जिरतो, बोल्टापर्यंत थोडाच पोचतो. ढिल्या बोल्टाला प्रत्येक हेलकावा पुरा सोसावा लागतो. भाऱ्याची दोरी ढिली असली तर ती घासून तुटते, आवळलेली तुटत नाही.

किती आवळायचा? १२ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टाला आठ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास पीळ लागतो. वीतभर, म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला बत्तीस किलोंचा जोर म्हणजे हा पीळ झाला. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकाचे माप मात्र त्या त्या पुस्तकात पाहा, अंदाजावर जाऊ नका. आणि हेही जाणून असा की तुम्ही लावलेल्या जोराच्या दहा भागांपैकी नऊ भाग घासण्यातच जातात, काही नटाखाली, काही आट्यांत. एकच भाग बोल्ट ताणायला मिळतो. म्हणून गंजलेला, मातीने भरलेला आटा पान्याला घट्ट लागतो पण आतून ढिलाच असतो. उलट कोरड्याचे माप धरून आट्याला भरपूर ग्रीस चोपडले, तर त्याच जोरात बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. तारेच्या ब्रशाने आटे साफ करावेत आणि पुस्तकात सांगितले असेल तेवढेच तेल लावावे.

माझ्या त्या सहा बोल्टांकडे परत येतो, नाहीतर सगळा दोष लेथवर ढकलल्यासारखे होईल. त्यात तीन चुका होत्या. कांडी साध्या लोखंडाची होती. मिस्त्रीने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. मूळ बोल्ट कठीण पोलादाचे होते, म्हणजे ही चूक सगळ्यांत मोठी. दुसरी, चाक बसवल्यावर पहिल्या खेपेनंतर नट पुन्हा आवळायला हवे होते, ते मी केले नाही. नवे भाग एकमेकांत बसतात, रंग चेपतो, आणि नट ढिले पडतात. तिसरी चूक, आटे टोकदार हत्याराने कापलेले होते. त्यांनी चिरेला दार उघडून दिले. तिघांपैकी एक टळली असती तरी कदाचित हंगाम निघाला असता. हे म्हणणे सोपे आहे.

तुकडे घेऊन मी त्या मिस्त्रीकडे गेलो होतो. भांडायच्या तयारीने गेलो होतो, खोटे कशाला सांगू. त्याने तुकडे उजेडात नेले, खाचेतून नख फिरवले, बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, चाकाला लावणार आहात हे मला त्या दिवशी कळले होते. नाही म्हणायला पाहिजे होते." आता चाकाचे बोल्ट तो करत नाही, दुकानात मागवायला सांगतो. दुसऱ्या कामाचे आटे कापायचे असले तर हत्याराच्या टोकाला दगडावर बारीक गोलाई देतो, शेवटचा घाव अगदी हलका घेतो आणि ईएन-८ की ईएन-२४ पोलाद ते आधी विचारतो. असा मिस्त्री तुमच्या गावात असेल तर त्याला धरून राहा.

आणि लेथवर कापलेले आटे सगळीकडे वाईट असेही नाही. फाटकाची बिजागरी, खाटेचा सांधा, कोळप्याच्या जानोळ्याचा बोल्ट, जिथे ओझे एकाच दिशेने संथ असते तिथे कापलेला आटा जन्मभर चालतो. फार जाडे आटे, एखाद-दुसरीच वस्तू करायची असेल तेव्हा, कापणेच परवडते. बीडाच्या अंगात तर लाटता येतच नाही, ते ठिसूळ असते. इंजिनाच्या ब्लॉकमधले आटे टॅपने कापलेलेच असतात. म्हणून तिथे आटा जास्त खोल घेतात. पोलादात बोल्टाच्या जाडीइतका आत गेला तर पुरे, बीडात दीडपट, अॅल्युमिनियमात दुप्पट.

कापलेल्या आट्याने आपल्या घरात सगळ्यांत जास्त नुकसान कुठे होते ठाऊक आहे? बोअरमध्ये. जस्ती पाइपाचे आटे कापलेलेच असतात. दोन इंची मध्यम प्रतीच्या पाइपाची जाडी ३.६ मिलिमीटर, आणि आट्याची खोली जवळजवळ दीड मिलिमीटर. उरले दोनाच्या आसपास. हलक्या प्रतीचा पाइप २.९ मिलिमीटरचा, तिथे दीड मिलिमीटरही उरत नाही. शिवाय कापताना जस्ताचा थर निघून जातो आणि उघडे लोखंड पाण्यात राहते. त्यावर मोटारीचे वजन, पाण्याचे वजन आणि प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर बसणारा पिळाचा झटका. मोटार बोअरमध्ये पडते ती बहुतेक वेळा आट्याशी पाइप मोडून. हलका पाइप घेऊन वाचवलेले पैसे मोटार काढणाऱ्याला द्यावे लागतात, आणि निघाली नाही तर बोअरच गेले. मोटारीला वेगळी दोरी किंवा तार बांधायला आळस करू नका.

आता पोत्यावरचा ढीग. बोल्ट एकेक उचला आणि त्याचे अंग पाहा. बिनआट्याचा भाग आट्यांच्या शेंड्यांपेक्षा बारीक असला तर तो नक्की लाटलेला. सारखाच असला तर त्यावरून काही ठरत नाही. मग शेंडे पाहा. शेंड्याच्या माथ्यावर केसासारखी बारीक घळ दिसली, दोन अंगांनी चढलेले लोखंड पुरते मिळाले नाही अशी, तर तोही लाटलेला. कापलेल्याच्या उतारावर हत्याराच्या ओळी दिसतात. लाटलेल्याच्या उतारावर मात्र नख कुठे अडकले आणि घडी पडल्यासारखी वाटली, तर यंत्र नीट लावलेले नव्हते. तो बोल्ट चाकाला, मळणीयंत्राला लावू नका.

पण लाटलेला दिसला की चांगला, असे समजू नका. बाजारातला स्वस्तातला स्वस्त बोल्टही लाटलेलाच असतो, कारण ते झटपट होते. डोक्यावरचे आकडे पाहा, ते इंग्रजीत असतात. ४.६ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४० किलोंवर तुटणारा. ८.८ म्हणजे ८० किलोंवर, आणि त्याच्या आठ-दशांशाला कायमचा लांबायला लागणारा. १०.९ त्याहून वरचा. डोक्यावर दर्ज्याचा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण नसली तर तो साधाच समजा, दुकानदार काहीही सांगो. नटही जोडीचा हवा, ८.८ ला ८ चा.

दोन बोल्ट एकमेकांत आटे बसवून खिडकीच्या उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला नाही तर दोघांचे आटे एका मापाचे. अर्धा इंची आणि १२ मिलिमीटरचा बोल्ट हाताला सारखेच वाटतात, पण जुन्या व्हिटवर्थ अर्ध्या इंचीला इंचात १२ आटे असतात, अमेरिकी पद्धतीच्या अर्ध्या इंचीला १३, आणि मेट्रिकचे आणखी निराळे. दोन फेरे बसतात आणि मग अडते. तिथे पान्याने जोर करणारे आणि बसत नाही म्हणून अर्ध्या इंचीवर १२ ची डाय फिरवणारे, दोघेही मी पाहिले आहेत. जुने आटे अर्धे खाऊन नवे पडतात आणि दात निम्मे उरतात.

शेवटी एक नवा नट घेऊन प्रत्येक बोल्टावर बोटांनी फिरवा. मध्येच एका जागी जड गेला आणि पुढे पुन्हा हलका झाला, तर तो बोल्ट तिथे ताणला गेलेला आहे. तो भंगारात. चाकाचा एक बोल्ट मोडला असेल तर उरलेलेही भंगारात, त्यांनी मोडक्याचे ओझे वाहिलेले असते.

आमच्या घरी हे काम दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या नातीकडे असते. मेट्रिकचे एका डब्यात, इंचाचे दुसऱ्यात, बिनआकड्याचे तिसऱ्यात. ते सहा तुकडे तिने वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवले आहेत. कशाचे आहेत ते तिला ठाऊक आहे.